वेटिंग एकतीस

सोमवारी पहाटे सहाच्या सुमाराला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर, बोस्टनच्या विमानाच्या गेटपाशी, मी ठरलेल्या एका खुर्चीत बसतो. तिथून काउंटरवरची स्क्रीन नीट दिसते. त्या स्क्रीनवर आधी बोस्टनचं हवामान येतं, मग विमानाचं एक गोंडस चित्र, मग क्रेडिट कार्डाची जाहिरात आणि मग, श्रावणात ढगाआडून क्षणभर ऊन पडावं तशी, एक यादी येते. दहा-बारा सेकंद राहते आणि पुन्हा हवामान सुरू होतं. त्या दहा-बारा सेकंदांत गेटवरची पन्नासेक माणसं कॉफीचा पेला ओठांपाशी तसाच धरून वर बघतात. चांगली पोक्त माणसं. कोणी वकील, कोणी हृदयाच्या झडपा विकणारा, कोणी माझ्यासारखा दोन बँकांच्या कॉम्प्युटरांना एकमेकांशी बोलतं करणारा. आरतीच्या वेळी देवापुढचा पडदा सरकला की साऱ्या माना जशा एकदम उचलल्या जातात, अगदी तशा.

यादी असते अपग्रेडची. अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानांत पुढे सोळा-वीस रुंद खुर्च्या असतात आणि मागे दीडशेच्या आसपास अरुंद. पुढच्या खुर्च्यांपैकी ज्या विकल्या जात नाहीत, त्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना फुकट वाटायची इथल्या कंपन्यांची जुनी रीत आहे. मी चौदा वर्षं असा नेहमीचा गिऱ्हाईक आहे. सोमवारी जायचं, गुरुवारी रात्री परत यायचं. माझ्या विमान कंपनीचं नाव मात्र मी घेत नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, ते काही रागानं नव्हे. संसार चालू होता म्हणून. उखाण्यात घ्यावं म्हटलं तर यमक जुळत नाही.

कंपनीनं मला एक दर्जाही दिला आहे. या कंपन्यांचे दर्जे म्हणजे सगळा सराफकट्टा असतो: कोणी चांदी, कोणी सोनं, त्यावर प्लॅटिनम, त्यावर हिरा, आणि त्याच्याही वर नाव न घेण्यासारखी काही गुप्त मंडळी, ज्यांना म्हणे विमानातून उतरवून मोटारीनं दुसऱ्या विमानापाशी पोचवतात. मी प्लॅटिनम आहे. घरात याचा फारसा उपयोग होत नाही. गेल्या मंगळवारी सुट्टी होती, तर बायको जिन्यावरून म्हणाली, “प्लॅटिनम, आज कचऱ्याची गाडी येते, डबे बाहेर ठेव.”

पंचाईत अशी की प्लॅटिनम मी एकटाच नाही. ओहेअरच्या गेटवर सोमवारी सकाळी सोन्याच्या खालचा माणूस शोधायला कंदील घेऊन हिंडावं लागेल. लग्नात सगळेच जवळचे निघाले की मानाची पानं मांडायची तरी किती? पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत मानाचे गणपती पाच, कसबा पहिला, हे एकदा ठरून गेलंय म्हणून लक्ष्मी रस्त्यावर निदान सुरुवातीला तरी शांतता असते. उद्या सगळ्याच मंडळांना मानाचा दर्जा दिला तर अनंत चतुर्दशी दिवाळीपर्यंत चालेल.

हे सगळं सुरू कसं झालं, ते थोडक्यात सांगतो. 1978 साली अमेरिकन सरकारनं विमानभाड्यांवरचं आणि मार्गांवरचं नियंत्रण उठवलं. कंपन्यांची आपसांत जुंपली. तिकिटं सारखी, खुर्च्या सारख्या, शेंगदाणेही सारखेच; मग गिऱ्हाईक आपल्याकडेच परत यावं कशानं? अमेरिकन एअरलाइन्सनं 1 मे 1981 रोजी मैल मोजायची योजना काढली. जितके उडाल तितके मैल खात्यावर, आणि साठले की बक्षीस. काही दिवसांतच युनायटेडनं काढली, मग बाकीच्यांनी. 1 मे म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि जगाचा कामगार दिन. फिरतीच्या कामगारांना त्या दिवशी जी शेंडी लागली ती अजून सुटलेली नाही.

मैलांचं वेड माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही. 1999 साली कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरनं हेरलं की एका कंपनीच्या पुडिंगच्या लेबलांवर विमानाचे मैल मिळतायत. त्यानं 12,150 पुडिंगच्या वाट्या विकत घेतल्या. लेबलं सोलता सोलता घरच्यांच्या नाकी नऊ आले, तेव्हा त्यानं पुडिंग दान करून टाकलं, या बोलीवर की लेबलं घेणाऱ्यांनी सोलून द्यायची. साडेबारा लाख मैल कमावले म्हणतात. पुण्याचं पुण्य आणि मैलांचे मैल. मी त्या मानानं किरकोळ. एका वर्षी प्लॅटिनमला थोडे मैल कमी पडत होते म्हणून 30 डिसेंबरला शिकागोहून सिअ‍ॅटलला गेलो आणि त्याच दिवशी परत आलो. सिअ‍ॅटलमध्ये पन्नास मिनिटं होतो, विमानतळाबाहेर पडलो नाही, काचेतून पाऊस बघितला. संध्याकाळी घरी आलो तेव्हा मुलीनं विचारलं, “कुठे गेला होतास?” उत्तर देता येईना.

आता तर मैलही मैल राहिले नाहीत. 2015 मध्ये डेल्टा आणि युनायटेडनं, 2016 मध्ये अमेरिकननं, किती अंतर उडालात हे बघायचं सोडून किती पैसे मोजलेत ते बघायला सुरुवात केली. वर क्रेडिट कार्डं आली. एखादा मनुष्य घरी बसून फ्रीज घेतो, दातांची कवळी करून घेतो, आणि यादीत माझ्या चार नंबर वर जाऊन बसतो. त्याची कवळी माझ्यापेक्षा जास्त उडालेली असते.

आणि वेळापत्रक! अमेरिकन एअरलाइन्सचंच घ्या. वरच्या दर्जाच्या मंडळींना अपग्रेड मिळायला सुरुवात होते उड्डाणाच्या 100 तास आधी. त्यांच्या खालच्यांना 72 तास, मग 48, मग 24. आमच्याकडेही याच चालीचं काहीतरी आहे. सोमवारी सातच्या विमानाचे शंभर तास मोजत मागे गेलं तर गुरुवारची पहाट येते, तीनचा ठोका. म्हणजे मी गाढ झोपेत असताना पुढची पंगत उठत आलेली असते. उरल्यासुरल्यावर कंपनीचं दुकान असतंच: फोनवर संदेश येतो, पुढची खुर्ची हवी असेल तर फक्त 79 डॉलर. सकाळी 79, दुपारी 64. मंडईत संध्याकाळी मेथीची जुडी उतरते, तशी. आपण स्वाभिमानानं मेथी घेत नाही, शेजारचा घेतो. डेल्टाच्या वरिष्ठांनी तर गुंतवणूकदारांपुढे उघडच सांगितलं, की पूर्वी पुढच्या खुर्च्यांपैकी फार थोड्या आम्ही विकत होतो, बाकीच्या वाटत होतो. आता बहुतेक विकतो. सांगताना त्यांच्या आवाजात आनंद होता. बरोबरच आहे. ज्या खुर्चीला गिऱ्हाईक आहे ती फुकट कोण देईल? मी दुकानदार असतो तर मीही दिली नसती. हे सगळं मला डोक्यानं पटतं. सोमवारी सकाळी मान मात्र आपोआप वर जाते.

यादीत पूर्ण नाव नसतं. आडनावाची पहिली तीन इंग्रजी अक्षरं आणि नावाचं पहिलं, एवढंच. माझ्या आडनावाची पहिली तीन अक्षरं होतात ‘पॅट’. आता विचार करा: पाटील पॅट, पाटकर पॅट, पटवर्धन पॅट, पाटणकर पॅट, तिकडे स्कॉटिश पॅटरसन पॅट, आणि शिकागोसारख्या गावात ज्यांची गणती करायला स्वतंत्र खानेसुमारी लागेल ते पटेल, तेही सगळे पॅट. त्यातून माझं नाव ‘एस’वरून. गुजराथेत ‘एस’वरून नावं ठेवायची पद्धत फार जोरात असावी.

एका सोमवारी यादी आली आणि ‘पॅट/एस’ या अक्षरांपुढे हिरवी खूण. मी कॉफी खाली ठेवली. कोट नीट केला. घाई दिसू नये अशा बेतानं उठलो आणि काउंटरकडे चालू लागलो. चेहऱ्यावर काय भाव असावेत, याचा मी गेली कित्येक वर्षं विचार करून ठेवला होता: किंचित आश्चर्य, पण फार नाही. काउंटरपाशी पोचतो तोवर डावीकडून एक सद्गृहस्थ आले, हातात नाश्त्याची पिशवी, चेहऱ्यावर तेच भाव. किंचित आश्चर्य, पण फार नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी त्यांचा पास घेतला, माझ्याकडे पाहून विचारलं, “आपलं काय?” मी म्हणालो, “स्वच्छतागृह कुठे आहे?” चौदा वर्षं त्या विमानतळावर माझा राबता आहे. तिथल्या कुठल्या नळाला गरम पाणी येत नाही, तेही मला ठाऊक आहे. त्यांनी हातानं दिशा दाखवली आणि मी निमूटपणे त्या दिशेला गेलो. जावंच लागलं.

विमानात शिरताना पुढच्या वर्गातूनच मागे जावं लागतं, ही रचना कोणी केली असेल ते असो, त्याला मनुष्यस्वभाव ठाऊक होता. रांग पुढे सरकत नाही, कारण तेराव्या रांगेत कोणीतरी बॅग वर चढवतोय. तेवढा वेळ आपण पहिल्या वर्गात उभे. रुंद खुर्च्या, काचेचा खराखुरा पेला, कोट टांगायला दांडी. बसलेली मंडळी आपल्याकडे बघत नाहीत. सगळ्यांना त्याच क्षणी फोनमध्ये महत्त्वाचं काहीतरी सापडतं. मीही त्यांच्याकडे बघत नाही, पेल्याकडे बघतो. पंढरपुरात आषाढीला रांगेत दोन-दोन दिवस उभं राहणं ज्यांच्यानं होत नाही ते नामदेवाच्या पायरीला हात लावतात, कळसाला हात जोडतात आणि गावाकडे परततात. माझं दर आठवड्याला असं कळसदर्शन होतं. मग सत्तावीस-ई. खिडकी नाही, पॅसेज नाही, मधली.

पण खरं सांगायचं तर, मी काउंटरवर कधी काही मागत नाही. मागणारे असतात. हसून, वाकून, बाईंच्या केसांची तारीफ करून, कधी गुडघ्याचं दुखणं सांगून. मला ते जमत नाही, आणि त्याचं कारण गर्व नव्हे. मी टीसीचा मुलगा आहे.

माझे वडील, अण्णा, मिरजेला रेल्वेत टीसी होते. मिरज तेव्हा ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांचं जंक्शन होतं. एका स्टेशनात तीन प्रकारची गरिबी, असं अण्णा म्हणत. पंढरपूरला जाणारी छोटी गाडी तिथूनच सुटायची, आणि आषाढीला माणसं तिच्या टपावरही बसायची. अण्णांची ड्यूटी बहुतेक महालक्ष्मी एक्स्प्रेसवर. काळा कोट, छातीवर पितळी बिल्ला, खिशात लाल-निळी पेन्सिल आणि हातात उभी घडी घातलेला चार्ट. चार्ट म्हणजे डब्यावर चिकटवलेल्या कागदाची जुळी प्रत. प्लॅटफॉर्मवरची माणसं त्या चिकटवलेल्या कागदावरून बोट फिरवत आपलं नाव शोधायची: नाव, वय, स्त्री की पुरुष, बर्थ नंबर. पाऊस असला की शाई फुटायची आणि मधल्या चार-पाच कुटुंबांचं भवितव्य निळं होऊन खाली ओघळायचं. रेल्वेनं 2018 पासून डब्यांवर चार्ट चिकटवणं बंद करायला घेतलं. मला ते मिरजेहून कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, तेव्हा मी ओहेअरच्या त्या स्क्रीनखालीच बसलो होतो.

शाळेला सुट्टी असली की अण्णा कधीमधी मला बरोबर न्यायचे. गाडी सुटली रे सुटली की त्यांच्याभोवती माणसं जमायची. “साहेब, बघा की काहीतरी.” “साहेब, पेशंट आहे.” “साहेब, आमचे मेव्हणे रेल्वेतच आहेत.” अण्णा चार्टवरून नजर उचलायचे नाहीत. उद्धटपणा नव्हता तो. नजर उचलली की समोर चेहरा दिसतो आणि चेहरा दिसला की चार्ट बिघडतो, हे त्यांना माहीत होतं. ओहेअरच्या बाई स्क्रीनवरून नजर उचलत नाहीत तेव्हा बाकीचे चिडतात. मला काळा कोट दिसतो.

अण्णांचं एकच वाक्य ठरलेलं असे: “थांबा. पुण्याला कोणीतरी उतरतंच.” महालक्ष्मी पुण्यात मध्यरात्र उलटून गेल्यावर पोचायची. तिथे खरंच काही माणसं उतरायची, आणि पुण्याचा कोटा भरूनही एखादी बर्थ कशी कोण जाणे मोकळी राहायची. ती कोणाला द्यायची हे अण्णांच्या मनात बहुधा कऱ्हाडलाच ठरलेलं असे.

एका रात्री टेरिलिनच्या शर्टातला एक मनुष्य त्यांच्या मागे मागे डबाभर फिरत होता. हाताच्या मुठीत काहीतरी घडी करून धरलेलं. मी नऊ-दहा वर्षांचा. मला वाटलं, चिठ्ठी आहे. अण्णा म्हणाले, “नाव?” तो ताठ झाला, नाव सांगितलं. अण्णांनी चार्टवर वरपासून खालपर्यंत पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, “नाही.” संडासाजवळच्या जागेत एक म्हातारी बोचकं घेऊन बसली होती. तिनं काही मागितलं नव्हतं. मागतात, हेच तिला ठाऊक नसावं. पुणं गेल्यावर अण्णा तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, “आजी, चला, तुमची जागा झाली.” ती घाबरली. तिला वाटलं, उतरवतायत. अण्णांनी बोचकं उचललं, खालच्या बर्थपाशी नेऊन ठेवलं, चार्टवर निळी खूण केली. म्हातारी बसली, पण आडवी काही झाली नाही. अख्खी बर्थ मोकळी असताना, अगदी कडेला, पाय खाली सोडून, बोचकं मांडीवर घेऊन, ती कल्याण येईपर्यंत तशीच बसून होती.

अपग्रेड हा शब्द अण्णांना मी शिकवला. फोनवर समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आम्ही चौऱ्याहत्तर साली केलं ते.” 1974 मध्ये रेल्वेनं तिसरा वर्ग रद्द केला. थर्ड क्लास संपला, सगळ्यांना सेकंड क्लास. कोट्यवधी माणसं एका फटक्यात वर सरकली आणि एकही मनुष्य जागचा हलला नाही; तीच बाकं, तोच खिडकीतून येणारा कोळसा. अण्णा तेव्हा नवीन होते. ते सांगतात, पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी तिकीट दाखवून म्हणाला, “साहेब, मी थर्डचं मागितलं होतं, बाबूनं सेकंडचं दिलंय. जादा पैसे घेतले तर नसतील ना?” जगाच्या इतिहासात एवढं मोठं फुकट अपग्रेड दुसरं झालेलं नसावं, आणि त्याचा आनंद असा कोणालाच झाला नाही.

पुढे 2006 च्या सुमाराला रेल्वेनं खरीखुरी अपग्रेडची योजना आणली. पूर्ण भाडं भरलेल्या प्रवाशाला वरच्या वर्गात जागा रिकामी असेल तर कॉम्प्युटरच परस्पर तिथे हलवतो, म्हणजे त्याची खालची बर्थ वेटिंगवाल्याला मिळते. अण्णा तोवर निवृत्त झाले होते. बातमी वाचून म्हणाले, “बरं झालं. आता मशीन नजर उचलत नाही म्हणून कोणी रागावणार नाही.” थोड्या वेळानं विचारलं, “पण म्हातारी कुठे बसलीय हे मशीनला कसं कळणार रे?”

मला अपग्रेड मिळालंच नाही असं मात्र नाही. गेल्या पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, बोस्टनहून मिलवॉकीला एका गिऱ्हाइकाकडे जायचं होतं, शिकागोत विमान बदलून. बोस्टन ते शिकागो मधली सीट. शिकागोत दुसऱ्या विमानात शिरताना पास मशीनवर ठेवला तर मशीन वेगळ्याच सुरात ओरडलं. माझ्या पोटात गोळा. या देशाचा नागरिक होऊन मला वीस वर्षं झाली. तरी कुठलंही यंत्र ओरडलं की पहिला विचार हाच येतो, आता काय चुकलं. बाईंनी यंत्रातून निघालेली चिठ्ठी फाडून हातात दिली. दोन-ए. “तुमचं अपग्रेड झालंय.” चेहऱ्यावरचे ते राखून ठेवलेले भाव ऐनवेळी सापडलेच नाहीत. मी विचारलं, “नक्की?”

शिकागो ते मिलवॉकी मोटारीनं दीड तासाचा रस्ता आहे. विमान हवेत असतं वीस-पंचवीस मिनिटं. म्हणून तर जागा रिकामी होती. तेवढ्या उड्डाणासाठी 79 डॉलर कोण मोजेल? छोटं विमान, पुढे बारा खुर्च्या, डावीकडे एकेकटी. पडदा ओढायला वेळच नव्हता. पेयाची गाडी निघाली नाही. एअर होस्टेसनं पाण्याची एक छोटी बाटली दिली आणि ती उघडेपर्यंत विमान उतरायला लागलं. लेक मिशिगनवर ऊन पडलेलं होतं. दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाच्या पोटासारखं खाली सगळं लहान लहान आणि चकचकीत होतं. खाली उतरताना माझ्या ध्यानात आलं, की मी सबंध वेळ त्या रुंद खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसलो होतो. लॅपटॉपची बॅग मांडीवर.

फोटो काढून अण्णांना पाठवला. उत्तर आलं: “गादी बरी दिसते. शेजारी कोण होतं?” मी कळवलं, कोणी नाही, एकच खुर्ची असते. बऱ्याच वेळानं दुसरा संदेश आला: “मग बोललास कोणाशी?”

अण्णा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. मिरजेच्या घरी गॅलरीत बसतात. गाड्यांचे आवाज येतात, आवाजावरून गाडी किती लेट आहे ते सांगतात. सोमवारी मी गेटवर पोचतो तेव्हा त्यांच्याकडे पावणेपाच वाजलेले असतात, चहा झालेला असतो. मी फोन करतो. आधी तब्येत, मग पाऊस, मग त्यांचा खरा प्रश्न.

“चार्ट निघाला का?”

“निघाला, अण्णा. वेटिंग एकतीस.”

“जागा किती?”

“दोन.”

ते गप्प होतात. पलीकडे त्यांची लाल-निळी पेन्सिल वरपासून खालपर्यंत फिरतेय, असं मला वाटत राहतं. मग म्हणतात, “एकतीस म्हणजे अवघड आहे. पण गाडी सोडू नको. पुण्याला कोणीतरी उतरतंच.”

मी “हो” म्हणतो आणि माझा गट पुकारला की उठतो. शिकागो ते बोस्टन मध्ये पुणं लागत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.